विकून झाल्यावरचा धंदा

आमच्या घरचं कपडे धुण्याचं मशीन गेल्या वर्षी ऐन श्रावणात बंद पडलं. कंपनीच्या नंबरावर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला. शर्टावर कंपनीचं नाव, पाठीवरच्या सॅकवर कंपनीचं नाव, पावतीवरही तेच. मशीन आडवं करून त्याने पंप उघडला, आत अडकलेलं पाच रुपयांचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं, मशीन चालवून दाखवलं आणि चहा घेता घेता हळूच म्हणाला, "काका, मेसेज येईल त्यातला हॅपी कोड सांगा. आणि नंतर फोन आला तर दहापैकी दहाच म्हणा. नऊ म्हणालात तरी माझे पैसे कापतात."

कोण कापतं, असं विचारलं तेव्हा कळलं की हा कंपनीचा माणूस नाहीच. आमच्या भागातली दुरुस्ती कंपनीने एका फ्रँचायझीला दिलेली. फ्रँचायझीने ती पुढे आणखी एकाला दिलेली. हा मुलगा त्या एकाकडे कॉलमागे पैसे या बोलीवर. ज्या कारखान्यात हे मशीन बनतं तो त्याने कधी पाहिला नव्हता. माझ्या दृष्टीने मात्र कंपनी म्हणजे तोच, कारण गेल्या सहा वर्षांत त्या कंपनीचा दुसरा कोणी माणूस मी पाहिलेला नाही.

हे पुस्तक त्या मुलाबद्दल आहे असं म्हटलं तर प्रकाशक नाराज होतील. त्यांनी मुखपृष्ठावर विमानाचं इंजिन टाकायचं ठरवलं आहे. इंजिनही पुस्तकात आहेच. पण वस्तू बनवणाऱ्या कंपन्या वस्तूबरोबर सेवा विकू लागल्या की ती सेवा प्रत्यक्षात कोण देतो, त्याची आणि कंपनीची सोयरीक कशी जुळते, आणि बिघाड झाला की ‘नाणं कोणाच्या खिशातलं’ या वादात कोण भरडला जातो, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे. यंत्रं निमित्तापुरती.

नावाचा प्रश्न आधी मिटवू. १९८८ साली सँड्रा व्हँडरमर्व्ह आणि हुआन राडा या दोन अभ्यासकांनी एका लेखात या प्रकाराला ‘सर्व्हिटायझेशन’ असं नाव दिलं. ते जगभर रूढ झालं आहे, पण मराठीत ते जिभेवर बसत नाही. ‘सेवाकरण’ म्हणावं तर कोणी देवळात झाडलोट करत असल्यासारखं वाटतं. मी ‘जोडसेवा’ हा शब्द वापरला आहे. आपल्याकडे जोडधंदा हा शब्द घरोघरी आहे, आणि त्याचा एक गुण असा की तो खोटं बोलतो. शेतीला दुधाचा जोडधंदा म्हणतात, पण कितीतरी घरांत किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सगळं त्या दोन म्हशींवरच चालतं. जोडसेवेचंही तेच आहे. नावाला जोड, प्रत्यक्षात घर तीच चालवते.

मी स्वतः या विषयाकडे उलट्या दारातून आलो. वीस वर्षांहून जास्त काळ भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात काढला. तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता मांडायचा, सर्वांत कमी भाव असलेल्याला बोलावून आणखी खाली आणायचं, हा आमचा धर्म. त्या तक्त्यात यंत्राची किंमत पहिल्या रकान्यात असे. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, शेवटच्या रकान्यात, तोही ‘ऐच्छिक’ म्हणून. एकदा एक विक्रेता आला आणि म्हणाला, "साहेब, कॉम्प्रेसर घेऊच नका. हवा घ्या. कॉम्प्रेसर आमचा, तुमच्या शेडमध्ये बसवू, आम्हीच सांभाळू. जेवढी हवा वापराल तेवढ्या घनमीटरचे पैसे द्या." आमचे मालक पोट धरून हसले. "आता हवेचंही बिल येणार का?" म्हणाले. विक्रेता गेला. आम्ही नवा कॉम्प्रेसर घेतला, तो तिसऱ्या उन्हाळ्यात बसला, आणि सुटा भाग परदेशातून येईपर्यंत अर्धी लाइन थंड होती. त्या अकरा दिवसांच्या नुकसानीचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

तो विक्रेता काही नवीन सांगत होता असं नाही. वस्तू घेऊ नका, तिचं काम घ्या, हा व्यवहार आपल्या गावांत शतकानुशतकं चाललेला होता. त्याला बलुतं म्हणत. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्याचं बारकाईने वर्णन आहे. सुताराने गावातले नांगर, कुळव, पाभर, गाड्या वर्षभर चालत्या ठेवायच्या. लोहाराने फाळाला धार लावून, पाणी देऊन तो तयार ठेवायचा. दर खेपेला पैसे नाहीत, नगावर पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा. म्हणजे शेतकरी दुरुस्त्या विकत घेत नव्हता, वर्षभर चालणारं औत विकत घेत होता. पेरणीच्या तोंडावर पाभर मोडली आणि सुतार हलला नाही, तर पुढे खळं ओकंबोकं, आणि त्याचा वाटाही तेवढाच ओकाबोका. आज व्यवस्थापनाच्या वर्गात ज्याला ‘परिणामावर आधारित करार’ म्हणून शिकवतात त्याचा गाभा याहून वेगळा नाही.

याचे गोडवे गाण्याची मात्र मला हौस नाही. सुताराचा मुलगा सुतारच होणार हे जातीने ठरवलेलं होतं. वतन होतं म्हणून त्याला कोणी सहज हाकलू शकत नव्हतं हे खरं, पण त्याला स्वतःहूनही सुटता येत नव्हतं. दुसऱ्या गावात चांगला भाव मिळतो का हे पाहायची सोय नव्हती. आणि पाऊस पडला नाही तर? पाभर उत्तम चालली, काम चोख झालं, पण पीकच आलं नाही. अशा वर्षी बलुतेदाराची चूल शेतकऱ्याच्या आधी विझे. म्हणजे ज्यावर त्याचा काडीचाही ताबा नाही अशा गोष्टीचा धोका त्याच्या वाट्याला. हा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे बसचालकांच्या प्रकरणात तो जशाचा तसा परत येतो.

गावातली ही सोयरीक तुटण्यामागे कारणं पुष्कळ होती, पण एक कारण बिडाचं होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना थाटला. जमीन आणि भांडवल औंधच्या पंतप्रतिनिधींनी देऊ केलं होतं. लाकडी नांगर बिघडला तर गावचा सुतार होता. लोखंडी नांगराचा भाग मोडला तर तो कारखान्यातूनच यायला हवा. शेतकऱ्याला नुसता नांगर विकून भागणार नव्हतं. लोखंडाने जमीन विषारी होते हा समज काढायचा, नांगर जुंपून दाखवायचा, मोडला तर काय करायचं ते सांगायचं. लक्ष्मणरावांना याची सवय बेळगावपासून होती. १८८८ साली तिथे सायकलचं दुकान काढलं तेव्हा सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायचं, असा दुहेरी व्यवहार होता. १९२० साली कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणारं हे पत्रक पुढे मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली होती, लोकांनी गाडी जास्त फिरवावी आणि टायर जास्त झिजावेत म्हणून. आज ती उपाहारगृहांना तारे देण्यासाठी ओळखली जाते. नांगरवाल्याने मासिक काढावं आणि टायरवाल्याने जेवणाच्या जागा सुचवाव्यात, यात मला फार फरक दिसत नाही. दोघांनाही कळलं होतं की गिऱ्हाईक वस्तू घेऊन घरी गेल्यावरच खरी गाठ पडते.

आता मुखपृष्ठावरच्या इंजिनाकडे. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने ‘व्हायपर’ नावाच्या आपल्या जेट इंजिनासाठी एक योजना काढली. छोट्या व्यापारी विमानांना ही इंजिनं बसत. योजना अशी की इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे ठरलेल्या दराने पैसे द्या, देखभाल आणि सुटे भाग आमच्याकडे लागले. चार वर्षांनी ही कंपनी रोल्स-रॉइसने घेतली आणि तिच्याबरोबर ही कल्पनाही. पुढे मोठ्या प्रवासी विमानांच्या इंजिनांचा सारा धंदाच या वाटेने गेला.

यात बदल काय झाला, हे खरेदी खात्यातल्या माणसाला विचारा. पूर्वी यंत्र बिघडलं की विकणाऱ्याची दिवाळी. सुट्या भागांवर नफा, इंजिनियरच्या फेरीवर नफा. गिऱ्हाइकाचा शिमगा तो विक्रेत्याचा सण. तासावर पैसे ठरले की उलटं होतं. इंजिन जमिनीवर बसलं तर गिऱ्हाइकाचंही नुकसान आणि बनवणाऱ्याचंही. मग बनवणाराच आधीपासून कान लावून बसतो, इंजिनातल्या सेन्सरांवर नजर ठेवतो, बिघाडाआधी भाग बदलतो. सुताराचं आणि शेतकऱ्याचं खळं पुन्हा एक झालं.

पण सिंगापूरमध्ये उतरलेल्या विमानाचं इंजिन रोल्स-रॉइसचा डर्बीतला कारखाना कसा सांभाळणार? इथे भागीदार येतो. रोल्स-रॉइसने सिंगापुरात तिथल्या विमान कंपनीच्या अभियांत्रिकी शाखेबरोबर आणि हाँगकाँगमध्ये तिथल्या विमान दुरुस्ती कंपनीबरोबर संयुक्त कारखाने उभे केले. गंमत पाहा. ज्याला इंजिन विकायचं त्याच घराण्यातली कंपनी ते इंजिन दुरुस्त करण्यात भागीदार. गिऱ्हाईक, जोडीदार आणि एखाद्या वेळी प्रतिस्पर्धी, तिन्ही नाती एकाच उंबऱ्यात. आपल्याकडे नात्यात लग्नं होतात तेव्हा वाद मिटतातही लवकर आणि पेटले तर पिढ्यानपिढ्या चालतातही.

पेटल्याचं उदाहरण घरचंच आहे. वाडिया समूहाची मुंबईतली विमान कंपनी गो फर्स्ट हिने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचं म्हणणं, प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वारंवार निकामी झाली, बदली इंजिनं ठरल्याप्रमाणे आली नाहीत, आणि निम्म्याच्या आसपास विमानं जमिनीवर बसून राहिली. इंजिन कंपनीचं म्हणणं, ही विमान कंपनी पैसे वेळेवर न देण्याबद्दल आधीपासून प्रसिद्ध आहे. नाणं कोणाच्या खिशातलं, हा वाद लवादापर्यंत गेला. गो फर्स्ट मात्र परत उडाली नाही. पुस्तकात या प्रकरणाला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण जोडसेवेच्या गुणगानात ही बाजू कोणी सांगत नाही: सेवा बांधून घेतली की आपण दुसऱ्याच्या गोदामातल्या साठ्यावर जगू लागतो.

धोका एकाच दिशेने जातो असंही नाही. २०२० साली कोविडमुळे जगभरची विमानं उभी राहिली. उड्डाण नाही, म्हणजे तास नाही, म्हणजे पैसे नाहीत. रोल्स-रॉइसने त्या वर्षी मे महिन्यात ९,००० माणसं कमी करण्याची घोषणा केली. दोष इंजिनांचा नव्हता. पाऊसच पडला नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही विमानांची आणि परदेशांची गोष्ट, आपल्या चिंचवड-चाकणला याचं काय? आपल्याकडचं एक उदाहरण मला विमानाच्या इंजिनापेक्षाही जास्त शिकवून गेलं. पुण्याची थरमॅक्स ही बॉयलर बनवणारी कंपनी. वाफ ही काही नवलाई नाही. दूध, रंग, कापड, औषधं, खाद्यपदार्थ, सगळ्याला वाफ लागते. थरमॅक्सने गेल्या दीडेक दशकात एक वेगळी उपकंपनी काढून बॉयलरऐवजी वाफच विकायला घेतली. बॉयलर गिऱ्हाइकाच्या आवारात, पण मालकी थरमॅक्सकडे, चालवणारी माणसं त्यांची, बिल वाफेचं. इंधन म्हणून कोळसा किंवा तेलाऐवजी बहुतेक ठिकाणी शेतातला काडीकचरा: भाताचा तूस, शेंगांची टरफलं, भुशाच्या ब्रिकेट.

कागदावर हे सोपं दिसतं. पण बॉयलर बनवणं ही अभियंत्याची विद्या आहे आणि तूस गोळा करणं ही अडत्याची. तूस सुगीत स्वस्त असतो आणि आषाढात महाग, ओला, नाहीतर गायब. एका गावात कारखान्याची मागणी वाढली की तोच तूस वीटभट्टीवाला आणि जनावरांचा मालकही मागू लागतो. म्हणजे वाफेचा दर सात-आठ वर्षांसाठी ठरवणाऱ्या कंपनीला उद्या टरफलं कोणत्या भावाने मिळतील हे ठरवणारा माणूस बाजार समितीच्या आवारात ट्रकजवळ बिडी ओढत उभा असतो. त्या माणसाशी नीट सोयरीक झाली तर धंदा, नाहीतर बॉयलर कितीही चांगला असो, वाफ नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना हे धडे नव्याने गिरवावे लागतात, कारण त्यांच्या इमारतीत सर्वांत हुशार माणूस डिझाइन खात्यात बसतो. जोडसेवेत तो इंधन खरेदीत बसावा लागतो. पगाराची उतरंड मात्र जुन्याच पद्धतीची राहते, आणि माझ्या पाहण्यात अशा योजना फसण्याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

दुसरं पुण्याचंच उदाहरण सुझलॉनचं. तुलसी तांती यांचा गुजरातेत कापडाचा धंदा होता. विजेच्या बिलाने जेरीला येऊन त्यांनी पवनचक्क्या बसवल्या आणि १९९५ साली पवनचक्क्याच बनवायची कंपनी काढली. तंत्रज्ञान जर्मनीतल्या सुडविंड या कंपनीकडून भागीदारीत. पण त्यांची खरी युक्ती तंत्रात नव्हती. आपण गिऱ्हाईक होतो तेव्हा आपल्याला काय काय त्रास झाला, हे त्यांना पाठ होतं. पवनचक्की घेणारा गिरणीमालक असतो. त्याला डोंगरावरची जमीन, वाऱ्याची मोजणी, परवानग्या, वीज मंडळाची जोडणी, पुढची वीस वर्षं देखभाल यातलं काहीच येत नाही आणि शिकायचंही नसतं. सुझलॉनने हे सगळं एका छत्राखाली दिलं. गिऱ्हाइकाने पैसे गुंतवायचे, घसाऱ्याची करसवलत घ्यायची, वीज मोजायची. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयनेच्या जलाशयावरचं वांकुसवड्याचं पठार किंवा धुळे जिल्ह्यातलं ब्राह्मणवेल, इथे आज दिसणाऱ्या पात्यांमागे हा व्यवहार आहे.

पुढे कंपनीने परदेशात मोठ्या कंपन्या विकत घेतल्या, कर्जाचा डोंगर झाला, २०१२ साली परदेशी रोख्यांची परतफेड थकली. त्या पडत्या काळात नव्या पवनचक्क्यांची मागणी आटली, पण आधी उभ्या केलेल्या हजारो पात्यांच्या देखभालीचे पैसे येत राहिले. दुभत्या म्हशीने घर तगवलं. याच प्रकरणात मी पठारावरच्या गावकऱ्यांबद्दलही लिहिलं आहे. जमीन त्यांची गेली, राखणदाराची नोकरी काहींना मिळाली, सेवेच्या साखळीत त्यांची जागा तेवढीच. भागीदार कोणाला म्हणायचं आणि नुसता ‘लोकल’ कोणाला म्हणायचं, हे ठरवणारा नेहमी वरच्या टोकाला असतो.

पैशाच्या सेवेवर मी फार रेंगाळलेलो नाही. स्कूटर विकायची तर हप्त्याची सोय हवी म्हणून आकुर्डीत १९८७ साली बजाज ऑटो फायनान्स सुरू झाली. तीच आजची बजाज फायनान्स, बाजारमूल्यात मूळ वाहन कंपनीपेक्षा मोठी. यावर स्वतंत्र पुस्तक होईल आणि ते अर्थतज्ज्ञाने लिहावं.

झेरॉक्सच्या यंत्राची कथाही मी आटोपती घेतली आहे, कारण ती सगळीकडे सांगितली जाते. १९५९ साली आलेलं ते मॉडेल इतकं महाग होतं की कंपनीने ते भाड्याने दिलं आणि ठरावीक संख्येच्या वर निघणाऱ्या प्रत्येक प्रतीचे पैसे घेतले. आपल्याकडे गावोगाव ‘झेरॉक्स’ची पाटी लागली ती पुढची गोष्ट. शिफोल विमानतळावर २०१५ साली फिलिप्सने दिवे न विकता उजेड विकला आणि बसवण्या-सांभाळण्यासाठी दुसऱ्या कंपनीला भागीदार घेतलं, तेही दोन पानांत आहे.

बसचं मात्र दोन पानांत भागलं नाही. फेब्रुवारी २०१९ पासून पुण्याच्या रस्त्यांवर पीएमपीच्या विजेवरच्या बस धावू लागल्या. लोकांना वाटतं पीएमपीने बस घेतल्या. घेतल्या नाहीत. केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बससाठीचं अनुदानच किलोमीटरवर पैसे देण्याच्या कराराला होतं. बस बनवणारी कंपनी आणि बस चालवणारी तिची भागीदार कंपनी मिळून बस आणतात, बॅटरी सांभाळतात, चालक पुरवतात. परिवहन संस्था किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते. वाहक मात्र संस्थेचा. एका बसमध्ये दोन मालकांची दोन माणसं. तिकीट फाडणारा एकाचा, स्टिअरिंगवरचा दुसऱ्याचा. चालकाची दिवाळी एका नियमाने, वाहकाची दुसऱ्या.

यात चांगलं पुष्कळ आहे. महापालिकेच्या तिजोरीत एकदम शेकडो कोटी नसतात. बॅटरी किती वर्षं टिकेल याचा धोका ज्याला बॅटरी कळते त्याच्याकडे राहतो. डेपोत बंद पडलेल्या, सुटे भाग नसलेल्या बसचं स्मशान ज्याने पाहिलं आहे त्याला या पद्धतीचं मोल कळेल. मी स्वतः या पद्धतीच्या बाजूचा आहे.

पण किलोमीटरचा दर निविदेत ठरतो, आणि निविदा म्हणजे पुन्हा आमचा तो तुलनेचा तक्ता. सर्वांत कमी भाव. बॅटरीची किंमत कमी करता येत नाही, विजेचा दर आपल्या हातात नाही, बँकेचं व्याज तर नाहीच. तक्त्यात दबण्यासारखं एकच उरतं, चालकाचा पगार. मुंबईत ‘वेट लीज’ नावाने हीच पद्धत बेस्टमध्ये आहे, डिझेल-सीएनजीच्या बससुद्धा तिच्यात आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या कंत्राटी चालकांनी संप केला, आणि मुंबईकर थांब्यांवर उभे राहिले. त्यांना ही बस बेस्टचीच वाटत होती, कारण ती लालच होती. तक्रार बेस्टकडे, पगार कंत्राटदाराकडे, कंत्राटदाराचं बोट दराकडे, दर निविदेत. एसटीनेही २०२३ साली ५,१५० विजेच्या बसचा असाच करार केला, आणि त्या बस वेळेवर का येत नाहीत हा विधानभवनापासून गावच्या पारापर्यंत चर्चेचा विषय झाला.

वाहतूक कोंडीत बस अडकली तर किलोमीटर कमी होतात. कोंडी चालकाने केलेली नसते, कंपनीनेही नाही. पाऊस पडला नाही म्हणून खळं रिकामं राहिलं, तेच हे. करार लिहिणारे वकील याला किमान किलोमीटरची हमी घालून उत्तर देतात, आणि चांगल्या करारांत ती असते. पण ती हमी कंपनीला मिळते. स्टिअरिंगवरच्या माणसाला तिच्यातलं किती पोचतं, हे करारात कुठेच लिहिलेलं नसतं.

आणखी एका माणसाबद्दल या पुस्तकात लिहिलं आहे, जो कुठल्याच करारात नाही: नाक्यावरचा मिस्त्री. आपल्याकडे माती उपसणाऱ्या कुठल्याही पिवळ्या यंत्राला जेसीबी म्हणतात, इतकं ते नाव रुळलं आहे. आता ही यंत्रं कुठे आहेत, किती तास चालली, तेल कधी बदलायचं हे सारं कंपनीला आणि डीलरला दुरूनच कळतं. मालकासाठी ही सोयच आहे. चोरी कमी होते, सर्व्हिसची आठवण राहते. पण यंत्राचं दुखणं जेव्हा फक्त कंपनीच्या लॅपटॉपला कळतं, तेव्हा पान्यावर जगणारा मिस्त्री बाहेर पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. हेतू चांगला आहे. कंपन्यांनी मिस्त्रीला अडचण न मानता जोडीदार मानलं तर दोघांचंही भलं होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे. तालुक्याच्या गावी रात्री नऊ वाजता कोण पोचू शकतं? डीलरची गाडी की नाक्यावरचा माणूस?

मी जे तपासलं ते बहुतेक करार असे होते: यंत्राच्या वर्णनाला वीस पानं, दंडाच्या कलमांना दहा, आणि सेवा देणाऱ्या जोडीदाराला काय मिळेल याला अर्धं पान. जिथे हे अर्धं पान नीट लिहिलेलं होतं तिथे जोडसेवा टिकली. जिथे ते ‘परस्पर सामंजस्याने ठरवण्यात येईल’ या एका ओळीत उरकलं होतं, तिथे दोन-तीन वर्षांत जोडीदार बदलला, गिऱ्हाइकाला नवा नंबर आला, आणि नवा मुलगा नव्या शर्टात पुन्हा पहिल्यापासून यंत्र समजून घेऊ लागला. हे माझं मत आहे, संख्याशास्त्र नव्हे. खरेदी खात्यातल्या माणसाची नजर कागदावर जाते, तशी माझी गेली.

पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. मोबाइल आणि संगणकाच्या कंपन्या नाहीत. त्यांच्यात वस्तू कुठे संपते आणि सेवा कुठे सुरू होते हे मला अजून नीट उमगलेलं नाही. आकडेमोडीची कोष्टकं शेवटी आहेत, ज्यांना नकोत त्यांनी ती सोडून द्यावीत. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. घाई असेल त्यांनी वाफेचं आणि बसचं प्रकरण आधी वाचावं.

एक काम मात्र वाचकाने पहिलं पान उलटण्याआधी करावं अशी विनंती आहे. घरच्या पाण्याच्या फिल्टरची किंवा फ्रिजची एएमसीची पावती कपाटातून काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. कंपनीच्या नावाखाली बहुधा आणखी एखादं नाव असेल, जे तुम्ही कधी ऐकलेलं नसेल. आपला करार त्या नावाशी आहे.

आमच्या मशीनसाठी दोन दिवसांनी फोन आला. मी दहापैकी दहा सांगितले. नाणं माझ्याच पँटच्या खिशातलं होतं.